पाच दिवस बिनकामाचे

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही दोघे, म्हणजे घरधनी आणि घरधनीण, मिळून शेवटचे कुठे गेला होता? लग्नकार्य, माती, दवाखाना, बाजार आणि कचेरी हे सोडून सांगा. नुसते पाहायला, बसायला, चार घास निवांत खायला कधी गेला होता? उत्तर लगेच आठवत नसेल तर लाजू नका. आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली, आणि गेल्या पौषापर्यंत आम्हालाही ते देता येत नव्हते.

आमचे गाव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात. जायकवाडीचा डावा कालवा गावाच्या खालच्या अंगाने जातो, आमचे रान वरच्या अंगाला. म्हणजे पाणी विहिरीचेच. मोसंबीची एकशेदहा झाडे होती. २०१२ साली पाऊस रुसला, विहिरीने तळ दाखवला, टँकरवर टँकर ओतले आणि शेवटी २०१३ च्या उन्हाळ्यात बागेला कुऱ्हाड लावली. त्या दिवसापासून आमच्या मंडळींनी बागेचे नाव तोंडातून काढले नाही. कापूस लावला, सोयाबीन पेरले, सगळे केले. पण दोघांचे बोलणे खत, मजुरी आणि हप्ता यापलीकडे जाईना. असे अनेक घरांत झाले आहे, म्हणून सांगतो.

जायचे कसे ठरले

ठरवले मी, आणि पहिला नकार तिकडूनच आला. "तुम्ही जा. जनावरांचं काय करायचं? दोन म्हशी, एक गाय, ती काय कुलूप लावून ठेवायची?"

प्रश्न खरा होता. शेतकऱ्याला सुटी मिळत नाही ती याच दावणीमुळे. पण उत्तरही आपल्याच चालीरीतीत आहे. एकेकाची बैलजोडी कमी पडली की आपण सावड करतो. आज तुझे औत माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. मग सुटीची सावड का करू नये? चुलतभावाला म्हटले, पाच दिवस आमच्या धारा तुम्ही काढा, दूधही तुम्हीच डेअरीला घाला. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघे जा, तुमची दावण आम्ही पाहतो. तो हसला, पण धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "खरंच जाऊ द्याल का?" त्या एका प्रश्नात सगळे आले.

दिवस निवडले पौषातले. कापूस बराचसा वेचून झालेला, गहू-हरभऱ्याला पाणी देऊन झालेले, आणि ज्वारी हुरड्यात आलेली. वाहन आपली मोटारसायकलच. डब्यात धपाटे, लसणाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, गुळाचा खडा. एक घोंगडी, पाण्याची बाटली. नियम एकच ठेवला: दिवसाला शे-सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचे नाही आणि वाटेत आवडेल तिथे थांबायचे.

पहिला दिवस: जन्मभर जवळ असलेले

पहिला थांबा अंबडची मत्स्योदरी. डोंगराचा आकार माशासारखा म्हणून देवीचे हे नाव. नवरात्रात आम्ही दरवर्षी जातो, पण गर्दीत ढकलत वर आणि ढकलत खाली. या वेळी पायऱ्यांवर बसलो. खाली पसरलेले अंबड, पलीकडे हिरवे-पिवळे रान. मंडळी म्हणाल्या, "एवढं दिसतं इथून, मला ठाऊकच नव्हतं."

तिथून घनसावंगी तालुक्यातले जांब. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव, साल १६०८. लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकून नारायण पळाला, ही गोष्ट लहानपणापासून आपण ऐकतो. इथल्या मंदिरातल्या जुन्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी त्या शोधून परत आणल्या. दर्शन घेऊन बाहेर आलो तर मंडळी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "लगीन लागायच्या आत जे पळाले, त्यांच्या गावी तुम्ही बायकोला फिरायला आणलं!" कितीतरी दिवसांनी ते हसू ऐकले.

जांब ते परतूर हा पट्टा काळ्या जमिनीचा. वाटेत एका वस्तीवर धूर दिसला. हुरड्याची आगटी होती. ओळख ना पाळख, पण शेतकऱ्याने हाक मारली, "या, बसा!" वाचकहो, ही हाक आपल्या मुलखात अजून जिवंत आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गुळभेंडीची कणसे भाजून, हातावर चोळून, गरम दाणे पुढ्यात. सोबत कारळाची चटणी आणि दही. आपल्या घरीही हुरडा होतो, पण तिथे मंडळी कणसे भाजतात आणि आपण खातो. इथे प्रथमच त्या पाहुण्या म्हणून बसल्या आणि दुसऱ्या कुणी त्यांच्या हातावर दाणे ठेवले. मुक्काम परतूरला मेहुणीच्या घरी. दोघी बहिणी रात्री दोनपर्यंत बोलत होत्या.

दुसरा दिवस: लोणारचे तळे

परतूरहून मंठा, आणि मंठ्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणार. तालुका बुलढाणा जिल्ह्यातला, पण आमच्या जालन्याच्या माणसाला घरचाच. माझी आई जन्मभर म्हणायची, एकदा लोणारची धार पाहायची आहे. पंढरी झाली, पैठण झाले, लोणार राहिले. ती गेली तेव्हा मी स्वतःला सांगितले की वेळ मिळाला नाही. खरे म्हणजे आम्ही वेळ काढला नाही.

काठावर उभे राहिले की पहिल्यांदा माणूस गप्प होतो. आकाशातून आलेली उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि हा खड्डा पडला. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर. आपण पाच परसाची विहीर खोदतो तर कंबर मोडते. हा खड्डा ऐंशी परसांचा! तो कधी पडला याविषयी शास्त्रज्ञांनी आधी पन्नास हजार वर्षे असा अंदाज केला होता. नंतरच्या तपासणीत पावणेसहा लाख वर्षांच्या आसपासचा आकडा निघाला. तळ्याचे पाणी खारट आणि क्षारयुक्त, आपल्या चोपणाच्या रानातल्या पाण्यासारखे, पण त्याहून कितीतरी तीव्र. मात्र काठावर गोमुखातून पडणारी धार गोड्या पाण्याची. त्या धारेखाली हात धरला आणि आईचे नाव घेतले.

२०२० च्या जून महिन्यात हे तळे एकाएकी गुलाबी झाले होते. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ म्हणून जगाच्या यादीत स्थान मिळाले. खड्ड्याच्या उतारावर झाडी दाट आहे. मोर, वानरे, नाना पक्षी. हे अभयारण्य आहे, तेव्हा खाली उतरायचे असेल तर वर चौकशी करून, दिवसाउजेडी उतरा, आणि प्लॅस्टिक खाली टाकू नका. गावातले दैत्यसूदनाचे मंदिरही सोडू नका. त्याच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहताना मंडळी बोट लावत होत्या, "ही बघा, हिच्या हातात आरसा आहे." आमचा मुक्काम तिथेच एका साध्या लॉजवर.

तिसरा दिवस: जिजाऊंचे माहेर आणि कडवंचीचे पाणी

सुलतानपूर, बीबी, दुसरबीड करत सिंदखेड राजा गाठले. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचा जन्म इथलाच, १२ जानेवारी १५९८. दर १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. निवांत पाहायचे असेल तर तो दिवस सोडून जा. लखुजी १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या दरबारात मारले गेले. त्यांची मोठी दगडी समाधी गावात आहे. बाप गेला, भाऊ गेले, तरी त्या लेकीने पुण्यात मुलगा घडवला. मंडळींना वाड्यापेक्षा मोती तलाव आणि पुतळा बारव जास्त आवडली. म्हणाल्या, "राजे लोक होते, पण पहिलं पाणी बघितलं त्यांनी."

युरोपात स्पेन नावाचा देश आहे. तिथे सरकारने जुने किल्ले, मठ आणि वाडे दुरुस्त करून प्रवाशांना राहायची सोय केली आहे. या मालिकेतली पहिली जागा १९२८ साली उघडली. नवरा-बायको गाडी काढतात, रोज थोडे अंतर जातात, त्या त्या गावचे तेल, चीज, फळे चाखतात आणि अशा जागी मुक्काम करतात. त्या लोकांजवळ आपल्यापेक्षा पैसा जास्त, हे खरे. पण वाडे, बारवा, हुरडा आणि पाहुणचार आपल्याकडे काय कमी आहे? कमी आहे ते निघण्याचे मन.

जालन्याच्या वाटेवर समृद्धी महामार्ग दिसला. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, मोटारी बाणासारख्या सुटलेल्या. दुचाकीला त्यावर बंदी आहे. बरेच आहे म्हणायचे! तो रस्ता घाईच्या माणसाचा. आमचा जुनाच बरा, कुठेही गाडी बाजूला लावता येते.

आम्ही वाट थोडी वाकडी करून जालना तालुक्यातल्या कडवंचीला गेलो. १९९० नंतरच्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने या गावाने पाणलोटाचे काम केले. आधी माथ्यापासून चर, मग बांधबंदिस्ती, मग नाल्यावर बंधारे आणि नंतर शेतोशेती शेततळी. त्या पाण्यावर गाव द्राक्षाचे झाले. २०१२ च्या ज्या दुष्काळात आमची बाग गेली, त्याच दुष्काळात इथल्या लोकांनी शेततळ्याच्या पाण्यावर बागा जगवल्या. एका शेतकरी दादांनी आम्हाला तळे दाखवले. मंडळी काठावर उभ्या राहिल्या आणि कागद कितीचा, पाणी किती दिवस पुरते, उन्हात किती उडते, असे एकेक विचारू लागल्या. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. इतके प्रश्न त्यांच्या मनात होते, आणि मी कधी विचारलेच नव्हते.

चौथा दिवस: जालना, राजूर आणि एक ताणावरची बाग

जालन्यात रात्रीचा मुक्काम करून सकाळी शहर पाहिले. आपला जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, पण पेठ फार जुनी. आज लोखंडाच्या सळईचे कारखाने आणि बियाणे यांसाठी हे शहर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच बियाण्याची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपण पिशवी फोडून पेरतो ते बी कुठे जन्मते, हे एकदा तरी शेतकऱ्याने पाहावे. शहराला पाणी देण्यासाठी निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव गावाबाहेर आहे. काठावर बसून धपाट्याचा शेवटचा तुकडा दह्यात बुडवून खाल्ला. पाण्यावर बदके होती, मन शांत होते.

मग राजूरच्या गणपतीचा रस्ता धरला. वाटेत मंडळींनी पाठीवर हात ठेवला, "थांबा जरा." रस्त्याकडेला मोसंबीची बाग होती. पाने मलूल, थोडी पिवळी, खाली गळालेली. शहरातला माणूस म्हणाला असता, बाग वाळली. पण आमच्या मंडळींनी पाहताच ओळखले. "ताणावर सोडली आहे. आंब्या बहाराची. आता आठ-पंधरा दिवसांत पाणी देतील, मग बघा फुलं!"

वाचकहो, ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोसंबीला बारमाही पाणी आणि खत देत राहिले तर झाड नुसते पाल्याने माजते, धड बहर येत नाही. म्हणून पाणी तोडून झाडाला काही दिवस विसावा देतात. त्याची वाढ थांबते, काडीत अन्न साठते आणि मग पाणी मिळताच फुलोरा एकदम येतो. जमीन भारी की हलकी यावर ताणाचे दिवस कमी-जास्त होतात. आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचे हे शहाणपण आहे.

झाडाला विसावा द्यायचा असतो हे आपल्याला कळते. बैलाला पोळ्याला देतो. जमिनीलाही पूर्वी एखादे वर्ष पड ठेवत. मग आपल्याला स्वतःला, आणि पहाटे चारला उठणाऱ्या घरधनिणीला तो नको का?

त्या बागेपाशी आम्ही अर्धा तास बसलो. बारा वर्षांत प्रथमच त्या आपल्या तोडलेल्या बागेविषयी बोलल्या. कोणते झाड कुठे होते, विहिरीकडच्या कोपऱ्यातले सर्वांत गोड कसे होते, कुऱ्हाड लागली त्या दिवशी त्या चुलीपाशी का बसून राहिल्या. मी सगळे ऐकले. उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हते आणि त्यांना ते नकोही होते.

पाचवा दिवस: केळणेकाठचे शहाणपण

राजूरचे दर्शन घेऊन रात्री भोकरदनला नातलगांकडे राहिलो. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात हे व्यापाराचे मोठे गाव होते. भरहुत आणि सांचीच्या स्तूपांवरील दानलेखांत इथल्या माणसांचा उल्लेख आहे. १९७३ च्या सुमारास इथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीतल्या पोंपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली आहे. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले. म्हणजे आपल्या मुलखाचे येणे-जाणे दोन हजार वर्षांपूर्वी कुठवर होते पाहा. आणि आम्ही मात्र अंबडहून भोकरदनला यायला एकतीस वर्षे लावली!

तिथून आसईला गेलो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात मोठी लढाई झाली. मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची दीड हजारांवर माणसे ठार आणि जखमी केली, तरी दिवस इंग्रजांचा ठरला. त्यांचा सेनापती वेलस्ली पुढे स्पेनमध्ये लढला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. त्याच्या वाटाड्यांनी सांगितले होते, की केळणेला उतार नाही. पण त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्याने ताडले, की मध्ये उतार असणारच, आणि फौज तिथून पार केली.

ही गोष्ट सांगितली तेव्हा मंडळी म्हणाल्या, "यात काय मोठं? समोरासमोर गावं असली की लेकी-सुनांचं येणं-जाणं असणारच. आपल्याकडची कोणतीही बाई सांगेल." नदीकाठी बसून आम्ही मनसोक्त हसलो. मग अन्व्याचे जुने मंदिर पाहिले. बाराव्या शतकाच्या सुमाराचे, कोरीव खांबांचे, भिंतीभर मूर्ती. गाभाऱ्यात थंडावा होता. पुजारीबाबांनी दोन पेरू हातावर ठेवले, ते ओट्यावर बसून खाल्ले आणि गाडी घराकडे वळवली.

शेवटी दोन शब्द

सगळे मिळून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास फिरणे झाले. खर्च पेट्रोलचा, दोन रात्रींच्या भाड्याचा आणि चहा-जेवणाचा. कुणाकडे हात पसरावा लागला नाही. तुम्हाला पाच दिवस जमणार नाहीत तर दोन काढा. लोणार एक दिवस, सिंदखेड राजा आणि जालना दुसरा. रात्रीचा प्रवास करू नका, ऊसतोडीचे ट्रॅक्टर अंधारात दिसत नाहीत. दोघांच्याही डोक्याला हेल्मेट असू द्या. जिथे हुरडा खाल तिथे पोरांच्या हातावर काहीतरी ठेवून उठा. आणि मुख्य म्हणजे जनावरांची सावड आधी पक्की करा.

घरी पोहोचलो तेव्हा गाय हंबरली. मंडळींनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय न धुताच दावणीकडे गेल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, "शेततळं झालं तर पन्नास झाडं लावू. एकशेदहा नकोत. विहिरीकडच्या कोपऱ्यापासून सुरू करू." मी मान हलवली. तळ्याचा अर्ज कुठे करायचा, जागा कोणती धरायची, हे अजून ठरायचे आहे. पैशाचेही जुळवायचे आहे. बाग होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. पण बागेचा विषय घरात पुन्हा निघाला, एवढे मात्र झाले.

फाल्गुनात चुलतभाऊ आणि धाकटी जाऊ निघाले. त्यांच्या धारा आम्ही काढल्या. जाताना जाऊबाईंनी नवे लुगडे नेसले होते आणि मोटारसायकलवर बसताना त्या एकदाही मागे वळून दावणीकडे पाहत नव्हत्या.

तुमच्या गावात ही सावड कोण सुरू करणार?